स्टेअरिंगचा प्ले : जुन्या ट्रकचं काय दुरुस्त केलं, काय बदललं

जुन्या ट्रकचं स्टेअरिंग सैल झालं की पहिला पाना पडतो तो स्टेअरिंग बॉक्सच्या (व्हीलचं फिरणं खालच्या दांड्यांना देणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) ॲडजस्टिंग स्क्रूवर. लॉकनट ढिला करायचा, स्क्रू पाव वळसा आवळायचा आणि गाडी चालकाच्या हाती द्यायची. प्ले, म्हणजे चाकं न हलता व्हील रिकामं फिरतं ते अंतर, कमी झाल्यासारखा वाटतो, मालकाचे पैसे वाचतात, आणि मूळ दुखणं जिथे होतं तिथेच राहतं. दुरुस्ती करायची की बदली, हा प्रश्न मालक बॉक्सपुरताच विचारतात, कारण सगळ्यांत महाग वस्तू तीच. पण चालकाच्या हातापासून टायरपर्यंत दहा-बारा सांधे आहेत, आणि हा प्रश्न प्रत्येक सांध्याबद्दल वेगळा विचारावा लागतो.

ज्या गाडीचं काम इथे लिहितो आहोत ती २०१० ची, एमएच-४० (नागपूर ग्रामीण) पासिंगची, १६ टनी सहाचाकी. उमरेडहून बुटीबोरीला कोळसा, परतीला मिळेल तो माल. पॉवर स्टेअरिंग कंपनीतूनच आलेलं. चालकाची तक्रार अशी होती : "भाऊ, गाडी सरळ चालूनच नाही राहिली. भरली का डावीकडे ओढते, आन् साठच्या वर गेली का स्टेअरिंग थरथरते." मालकाचा प्रश्न एवढाच : "बॉक्स नवा टाकायचा, का किट टाकून भागेल?" गाडी आठ वर्षांच्या वरची, म्हणजे फिटनेस दरवर्षी, आणि त्याची मुदत जवळ आलेली.

फिटनेसच्या बाजूने पाहिलं तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ इथे लागू होतो. स्टेअरिंग व्हीलवर ३० अंशांपेक्षा जास्त प्ले नको, लिंकेजच्या (चाकं वळवणाऱ्या दांड्यांच्या) सगळ्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात, आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या हव्यात. ५०० मिमी व्यासाच्या व्हीलवर ३० अंश म्हणजे रिमवर, व्हीलच्या कडेवर, सुमारे १३१ मिमी. ही कायद्याची शेवटची रेघ आहे. भरलेली गाडी १३ सेंटिमीटर प्ले घेऊन महामार्गावर जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ५० मिमीच्या वर गेलं की कारण शोधायला लागायचं.

प्ले मोजायची पद्धत साधी आहे, पण ती चुकली तर पुढचं सगळं चुकतं. गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ, मागच्या चाकांना ओट (सरकू नयेत म्हणून ठोकळे), आणि इंजिन आयडलवर चालू. पॉवर स्टेअरिंगची गाडी इंजिन बंद ठेवून तपासली तर बॉक्समधल्या व्हॉल्व्हची हालचालही प्लेमध्ये धरली जाते आणि चांगल्या बॉक्सवर खोटा आळ येतो. डॅशबोर्डला एक तार चिकटवून तिचं टोक रिमजवळ आणायचं. एक जण व्हील हळू डावीकडे नेतो, दुसरा उजव्या चाकाच्या स्टब एक्सलवर (चाक ज्यावर बसतं त्या वळणाऱ्या भागावर) बोट ठेवून बसतो. चाक हललं असं बोटाला कळताच थांबायचं, रिमवर खूण करायची. मग उजवीकडे तेच. दोन खुणांमधलं अंतर रिमच्या गोलाईवरून मोजायचं. या गाडीचं आलं ९५ मिमी, म्हणजे जवळपास २२ अंश. कायद्यात बसणारं, कामात न बसणारं.

आता हे ९५ मिमी कुठून आले ते सांध्यासांध्याने वाटून घ्यायचं. गाडीचं वजन चाकांवरच ठेवायचं, जॅक लावायचा नाही. एकाने व्हील दोन्हीकडे थोडं थोडं हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली पडून प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटांना लागतो. सांधा हातानेच तपासावा. पाइप पाना लावून पिळला तर नवा बॉल जॉइंटही हलतो आणि मग सगळंच बाद वाटायला लागतं.

वरून सुरुवात केली. केबिनमधून बॉक्सकडे येणाऱ्या शाफ्टचा यूजे (युनिव्हर्सल जॉइंट) क्रॉस : रिम १५ मिमी फिरेपर्यंत बॉक्सचा इनपुट शाफ्ट जागचा हलला नाही. पुढे इनपुट शाफ्टपासून ड्रॉप आर्मपर्यंत (बॉक्समधून निघणाऱ्या लोंबत्या दांड्यापर्यंत), म्हणजे बॉक्सच्या आतला हिशेब ३० मिमी. उरलेले ५० मिमी ड्रॅग लिंकच्या (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) दोन टोकांत. ज्या बॉक्सवर सगळ्यांचा संशय होता त्याचा वाटा एक तृतीयांशाहून कमी निघाला.

ड्रॅग लिंकचे ५० मिमी ऐकून मालक दचकले. त्यांना खाली बोलावून दाखवलं, तर टोकांना मिळून जेमतेम २ मिमी हालचाल. गणित असं आहे : बॉक्सचं गुणोत्तर २०:१ आणि ड्रॉप आर्मची लांबी २०० मिमी धरली, तर बॉल जॉइंटमधला १ मिमी प्ले ५०० मिमी व्हीलच्या रिमवर २५ मिमी होऊन दिसतो. लिंकेजमधली झीज रिमपर्यंत पोहोचताना पंचवीस पटीने वाढते. म्हणूनच बॉक्स आवळायच्या आधी खालचे सांधे पाहायचे. आणि म्हणूनच 'थोडासाच हलतो' हे वाक्य बॉल जॉइंटबद्दल ऐकून सोडून द्यायचं नाही.

रिमवरचा आकडा सगळं सांगतो असंही नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, ड्रॅग लिंक उजव्या चाकाला जोडलेली असते, आणि उजवं चाक टाय रॉडमार्फत डाव्याला फिरवतं. त्यामुळे टाय रॉडच्या एंडमधला (टोकाच्या बॉल जॉइंटमधला) प्ले रिमवर फारसा उमटत नाही. तो दिसतो डाव्या चाकाच्या फडफडीत आणि टायरच्या झिजेत. किंग पिनचंही (जिच्याभोवती चाक वळतं त्या उभ्या पिनेचंही) तसंच. ज्यांनी फक्त व्हील हलवून 'ठीक आहे' म्हटलं, त्यांनी अर्धं स्टेअरिंग तपासलेलंच नसतं.

पुढचा भाग तपासताना एक्सल बीमखाली जॅक लावला, दोन्ही बाजूंना घोड्या (स्टँड) दिल्या. नुसत्या जॅकवर कोणी खाली शिरू नये. टायर वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवायचा. दोन्ही चाकं हलली. पण हलण्याची दोन कारणं असतात, व्हील बेअरिंग किंवा किंग पिन. ती वेगळी करायला एकाने ब्रेक दाबून धरायचा. ब्रेक दाबताच प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंग पिन. उजवीकडे प्ले जवळजवळ गेला, डावीकडे राहिला. मग डायल गेजचा पाया बीमवर ठेवून वरच्या बुशपाशी (पिन ज्यात फिरते त्या नळीपाशी) मोजलं. डावीकडे ०.४ मिमी, उजवीकडे ०.२ मिमी. पाव मिलिमीटरला बुश बदलायचा, हा बऱ्याच एक्सल कंपन्यांचा नियम आम्ही पाळतो. डावी बाजू जास्त झिजण्याचं कारण रस्त्यावर दिसतं : समोरच्याला वाट देताना डावं चाक डांबर सोडून साइडपट्टीवर उतरतं, आणि खाणीच्या कच्च्या वाटेवर तर सगळा मार त्यालाच.

टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून चाक वर उचललं तर उभा प्लेही होता. तो थ्रस्ट बेअरिंग (गाडीचं वजन पेलणारं) दबल्याचा आणि शिम (जागा भरणारी पातळ चकती) झिजल्याचा. या गाडीत ग्रीस निपलवर कोळशाची आणि राखेची पापडी बसलेली, आणि दोन निपल बंदच. ग्रीसगन लावणारा ग्रीस 'मारतो', पण ते आत गेलं की निपलभोवती बाहेर आलं हे पाहत नाही.

डावीकडे ओढण्याचं कारण मात्र स्टेअरिंगमध्ये नव्हतंच. पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं, चाकं सरळ ठेवून. डावीकडे १२ मिमी कमी. डाव्या पाट्याचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) यू-बोल्ट ढिले, आतला सेंटर बोल्ट तुटलेला, आणि एक्सल त्या बाजूने मागे सरकलेला. ज्या बाजूचं अंतर कमी त्या बाजूला गाडी ओढते. नवा बॉक्स टाकला असता तरी ही ओढ तशीच राहिली असती. सेंटर बोल्ट नवा, चारही यू-बोल्ट नवे. एकदा पूर्ण ताणलेला यू-बोल्ट परत वापरायचा नाही. शॅकल पिन आणि बुशही डावीकडचे काढले, कारण पाटा आडवा हलला की एक्सल हलतो आणि चालकाला ते स्टेअरिंग सैल असल्यासारखंच वाटतं.

एवढं पाहून झाल्यावर मालकाबरोबर बसून यादी केली. आम्ही भाग तीन गटांत धरतो. ज्यांची दुरुस्ती करायचीच नसते ते, ज्यांची दुरुस्ती बनवणाऱ्यानेच ठरवून दिलेली असते ते, आणि ज्यांचं उघडल्याशिवाय सांगता येत नाही ते.

पहिल्या गटात ड्रॅग लिंक, बॉल जॉइंट, स्टेअरिंग आर्म, ड्रॉप आर्म. इथे वेल्डिंग नाही, गॅसने तापवून सरळ करणं नाही, बॉल जॉइंटची टोपी ठोकून आवळणं नाही. हे फोर्जिंगचे, उष्णतेची प्रक्रिया केलेले भाग असतात. लाल होईपर्यंत तापवले की ती प्रक्रिया त्या जागी संपते. वरून भाग सरळ दिसतो, आतून मऊ किंवा ठिसूळ झालेला असतो. या गाडीची ड्रॅग लिंक साफ केल्यावर मधोमध निळसर-करडा पट्टा दिसला, म्हणजे कुठेतरी ती वाकली होती आणि कोणीतरी तापवून सरळ केली होती. तिथे चर्चा संपली. टोकं चांगली असती तरी ती लिंक परत चढली नसती. काढल्यावर तिचे गॅसने दोन तुकडे केले आणि मग भंगारात दिली. अख्खी दिली तर ती कबाड्याकडून दुसऱ्या गाडीखाली जाते. जुनी लिंक, जुना आर्म, जुने एंड कबाडातून विकत घेऊ नका, किंमत कितीही कमी असो.

टाय रॉडचं निराळं. नळी सरळ होती (सपाट पट्टी लावून पाहिली), दोन्ही टोकांचे आटे शाबूत होते, क्लॅम्प फाटलेले नव्हते. म्हणून नळी ठेवली, एंड दोन्ही बदलले. एका बाजूला उजवा आटा, दुसऱ्या बाजूला डावा. दुकानात जाताना जुने दोन्ही एंड हातात घेऊन जावं आणि आटा, टेपर (पिनेचा निमुळता भाग), मध्यापासून लांबी ताडून पाहावी. आटे नळीच्या चिरेच्या पुढेपर्यंत आत गेलेच पाहिजेत, नाहीतर क्लॅम्प हवेवर आवळला जातो. एंड सोडवताना आर्मच्या टेपरच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी दोन हातोडे मारले की तो सुटतो, नाहीतर पुलर. पिनेच्या डोक्यावर ठोकून आटा मारायचा नाही.

टेपरकडे फार थोडे लोक पाहतात. जुना एंड ढिल्या नटवर चालला असेल तर आर्ममधलं भोक अंडाकृती झालेलं असतं. नवा एंड त्यात आवळला जातो, पण पूर्ण टेकत नाही, आणि काही दिवसांत पिन मानेपाशी तुटते. तपासायला नव्या पिनेच्या टेपरवर निळा रंग पातळ लावायचा, भोकात बसवून थोडी फिरवायची, काढायची. रंग सगळीकडून घासला गेला तर ठीक. एकाच पट्ट्यात घासला गेला तर आर्म बदलायचा. इथे ठीक निघाला. नट टॉर्कने आवळून स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढेच न्यायचा, मागे कधीच नाही. आणि स्प्लिट पिन नवीच.

ड्रॉप आर्म आम्ही ठेवला. स्प्लाइनवर (शाफ्टवर बसणाऱ्या दातांवर) चमकदार घासल्याच्या खुणा नव्हत्या, म्हणजे नट कधी सैल झालेला नव्हता. तरीही तडा आहे का हे डाय पेनेट्रंटने पाहिलं. घासून, क्लीनरने पुसून लाल डाय मारायचा, १५-२० मिनिटं थांबायचं, पुसायचं, पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तिथे लाल रेघ उमटते. नागपूरच्या उन्हाळ्यात ही तपासणी सावलीतच करावी. मे महिन्यात उन्हात पडलेलं लोखंड हात लावू देत नाही, तेवढ्या तापलेल्या भागावर डाय वाळून जातो आणि तपासणी खोटी ठरते. आर्म काढण्याआधी शाफ्ट आणि आर्मवरच्या खुणा जुळलेल्या आहेत का ते पाहून ठेवावं. नसतील तर पंचाने पाडाव्यात. एक दात इकडेतिकडे बसला की स्टेअरिंगचा मध्य जातो आणि एका बाजूला वळण कमी पडतं.

दुसरा गट म्हणजे किंग पिन. इथे बदली आणि दुरुस्ती एकच : पिन, बुश, थ्रस्ट बेअरिंग, शिम, सील, लॉक पिन असं किट येतं. झीज डावीकडे जास्त असली तरी दोन्ही बाजू केल्या. एक बाजू घट्ट आणि एक सैल ठेवली तर व्हील एका बाजूला सहज परतं आणि दुसऱ्या बाजूला अडखळतं, आणि मजुरीही पुन्हा लागते.

डावी पिन जाम होती. अशा वेळी गॅसचं नळकांडं ओढून आणायची सवय सोडायला हवी. बीमही फोर्ज केलेला असतो, त्याचा डोळा लाल करून पिन काढली तर पुढचा एक्सलच कमजोर होतो. लॉक पिन काढून, झिरपणारं तेल रात्रभर सोडून, हायड्रॉलिक प्रेसने पिन काढली. वेळ लागला, बीम वाचला.

पिन काढल्यावर महत्त्वाचा प्रश्न बीमच्या डोळ्याचा. नवी पिन त्यात पितळी हातोड्याच्या हलक्या ठोक्याने जायला हवी. हाताने सरकन गेली तर बीमचं भोकच मोठं झालेलं असतं आणि नवं किट थोड्याच महिन्यांत सैल होतं. तसं असतं तर बोअर करून ओव्हरसाइज पिन, नाहीतर बीम. पिनेला कागद किंवा पत्रा गुंडाळून बसवणं हा उपाय नाही, तो पुढच्या बिघाडाचा पाया आहे. या बीमचे दोन्ही डोळे चांगले निघाले.

बुश दाबताना ग्रीसचं भोक निपलच्या भोकासमोर यायलाच हवं. जुन्या बुशपैकी एक अर्ध्या भोकावर बसवलेला सापडला, तो कोरडा का मेला हे कळायला वेळ लागला नाही. नंतर रीमर (भोक मापात आणणारं हत्यार). वरचा आणि खालचा बुश एका रेषेत यायला हवा, म्हणून पायलट असलेला लांब रीमर लागतो. वेगवेगळा रीमर मारला किंवा ड्रिलला एमरी गुंडाळून घासलं तर पिन बसते, पण तिरकी, आणि स्टेअरिंग जड होतं. तेल लावलेली पिन हाताने ढकलून जाईल आणि बाजूला हलणार नाही, एवढी जागा. थ्रस्ट बेअरिंग बीमच्या खाली, सीलची बाजू वर, म्हणजे पाणी-धूळ आत उतरत नाही. शिम बीमच्या वर. उभा प्ले जवळजवळ संपेल पण स्टब एक्सल हाताने फिरेल, तेवढीच शिम.

व्हील बेअरिंग धुऊन पाहिलं. रोलर, ट्रॅक स्वच्छ. नवं ग्रीस भरून, हब फिरवत फिरवत नट आवळला, मग थोडा मागे घेऊन लॉक केला. डायल गेजवर ०.०३ ते ०.१३ मिमीच्या आत मोकळीक. साठच्या वरची थरथर किंग पिन आणि ढिलं बेअरिंग या दोघांची मिळून होती.

आता तिसरा गट, बॉक्स. जड गाड्यांवर झेडएफ, राणे अशा नावांचे इंटिग्रल (पॉवरचा भाग आतच असलेले) बॉक्स सर्रास दिसतात. बॉक्सवरची पाटी आधी साफ करून वाचावी, पार्ट नंबर आणि प्रेशरचा आकडा तिथे असतो. किट मागताना त्या नंबरानेच मागावं. 'त्या मॉडेलचं द्या' म्हटलं की जवळपासच्या मापाचं मिळतं.

तपासणी गरम तेलावर केली. नागपुरात सकाळी ठीक वाटणारं स्टेअरिंग मे महिन्यात दुपारी, पारा ४५ च्या आसपास असताना जड होतं, कारण पातळ झालेलं तेल झिजलेल्या सीलमधून आतल्या आत निसटतं. पंप आणि बॉक्स यांच्यामध्ये गेज आणि व्हॉल्व्ह जोडला. इंजिन आयडलवर ठेवून व्हॉल्व्ह बंद केला : आकडा पाटीवरच्या आसपास आला, म्हणजे पंप चांगला. ५ सेकंदांपेक्षा जास्त बंद ठेवायचा नाही, पंप जळतो. मग व्हॉल्व्ह उघडून, एक्सलच्या स्टॉप बोल्टसमोर लोखंडी ठोकळा देऊन त्यावर व्हील दाबलं, म्हणजे बॉक्सचा लिमिटर (टोकाला प्रेशर तोडणारा व्हॉल्व्ह) उघडण्याआधीच चाक अडतं. एका बाजूला पूर्ण आकडा आला, दुसऱ्या बाजूला कमी. तेल बॉक्समध्येच निसटत होतं. बाहेरून सेक्टर शाफ्टच्या (ज्यावर ड्रॉप आर्म बसतो त्या दातेरी शाफ्टच्या) सीलमधून ड्रॉप आर्मवर ओघळ होताच.

बॉक्स उघडायचा तर स्वच्छ टेबलावर. ओट्यावर, कोळशाच्या धुळीत उघडलेला बॉक्स परत नीट होत नाही. उघडल्यावर आम्ही चार जागा पाहतो. वर्म (आट्यांचा शाफ्ट) आणि नटमधले गोळ्यांचे मार्ग : नख फिरवून खड्डा लागला तर बॉक्स बाद. हाउसिंगचा सिलिंडर : उभे ओरखडे नखाला लागले तर बाद, कारण नवी टेफ्लॉन रिंग त्यावर टिकत नाही. सेक्टरचे मधले दात : गाडी बहुतेक वेळ सरळ चालते म्हणून झीज मध्यावर जास्त होते. आणि सेक्टर शाफ्टवर सील बसते ती जागा : तिथे गंजाचा खळगा किंवा चर असेल तर नवी सील दोन पावसाळेही काढत नाही.

इथे मार्ग चकचकीत, सिलिंडर स्वच्छ, टेफ्लॉन रिंग कापलेली, आणि सेक्टर शाफ्टवर चर. म्हणजे सील किट, शाफ्ट आणि त्याचं सुई बेअरिंग. मालकाला दोन्ही आकडे समोर ठेवून दाखवले. आमचा ठोकताळा असा : किट, सुटे भाग आणि मजुरी मिळून वॉरंटीवाल्या एक्सचेंज बॉक्सच्या निम्म्यावर गेली तर दुरुस्ती नको. मार्ग किंवा हाउसिंग गेलं असेल तर हिशेबच करू नये, बॉक्स बदलावा. कबाडातला बॉक्स घ्यायचाच असेल तर उघडून पाहिल्याशिवाय नाही, आणि त्यावर किटचा खर्च धरूनच. इथे निम्म्याच्या बऱ्याच खाली आकडा होता. दुरुस्त केला.

आणि आता तो स्क्रू. सेक्टरचा स्क्रू आवळायची वेळ ही, सगळं झाल्यावर. ड्रॅग लिंक सुटी ठेवायची, इनपुट शाफ्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळसे मोजत फिरवायचा, निम्म्यावर आणून थांबायचं. तिथे, फक्त मध्यावर, किंचित अडखळ जाणवेल इतकं आवळायचं, मापकाने पाहून लॉकनट. बॉक्स मध्यावर सर्वांत घट्ट राहील असाच बनवलेला असतो. मधले दात झिजलेल्या बॉक्सचा मधला प्ले घालवायला जास्त आवळलं, तर बाजूंना दात एकमेकांत रुततात, वळणानंतर व्हील परत येत नाही, आणि घाटात किंवा उड्डाणपुलाच्या वळणावर चालकाच्या हातात गाडी अडकते. सैल स्टेअरिंगपेक्षा हे जास्त धोक्याचं.

बॉक्स चढवण्याआधी चेसिसवर त्याची जागा घासून पाहिली. बोल्टच्या भोकांपासून निघणारे बारीक तडे जुन्या, ओव्हरलोड झालेल्या गाड्यांत सापडतात. इथे नव्हते. बोल्ट १०.९ ग्रेडचे, टॉर्कने. यूजे क्रॉस नवा, त्याचा शाफ्टवरचा क्लॅम्प बोल्टही नवा. टाकीतलं फिल्टर बदललं, तेल पूर्ण काढलं. जुनं तेल काळं होतं आणि त्यात इंजिन ऑइल मिसळल्याचा वास होता. 'थोडं कमी होतं म्हणून टाकलं' असं करताना चालकाला कोणी सांगितलेलं नसतं की इथे एटीएफच (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं. नवं एटीएफ भरून, पुढची चाकं उचललेली ठेवून, इंजिन आयडलवर व्हील दोन्ही टोकांपर्यंत हळू फिरवत राहिलो, टाकीतली पातळी राखत. फेस आणि बुडबुडे थांबले की हवा गेली. टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही.

लॉक स्टॉप हा शेवटचा, बहुतेक ठिकाणी विसरलेला भाग. किंग पिन किंवा बॉक्स हलवला की चाकाचा स्टॉप बोल्ट आणि बॉक्सचा लिमिटर पुन्हा जुळवावे लागतात. स्टॉप बोल्ट लागायच्या साधारण ३ मिमी आधी लिमिटरने प्रेशर तोडायला हवं. नाहीतर प्रत्येक पूर्ण वळणावर पंप पूर्ण प्रेशरने लिंकेज दाबत राहतो, आणि आपण नुकतेच बसवलेले एंड तोच वाकवतो.

टो-इन (पुढची चाकं पुढून किंचित आत वळलेली ठेवणं) सगळ्यांत शेवटी. चाक फिरवून टायरच्या मध्यावर खडूचा पट्टा, त्यावर खिळ्याने बारीक रेघ. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी थोडी पुढे ढकलून, हबच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजायचं. पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे, साधारण १ ते ३ मिमी पुढे कमी. नंतर टाय रॉडचे क्लॅम्प आवळताना एंड फिरून तिरके होतात, ते सरळ धरून आवळावेत.

सगळं बसल्यावर त्याच पद्धतीने, इंजिन चालू ठेवून, रिमवर मोजलं : २० मिमीच्या आसपास. आधी आवारात रिकामी, मग आउटर रिंग रोडवर, मग भरून. ओढ गेली, थरथर गेली, वळणानंतर व्हील आपोआप मध्यावर येऊ लागलं.

मालकाला चिठ्ठीवर एवढं लिहून दिलं : ५०० किमीनंतर यू-बोल्ट, ड्रॉप आर्मचा नट, बॉक्सचे बोल्ट पुन्हा टॉर्क करायचे. कोळशा-राखेच्या कामाला ग्रीस ३,००० किमीला, पुढचा एक्सल उचलून, म्हणजे थ्रस्ट बेअरिंगवरचं वजन निघतं आणि ग्रीस तिथवर जातं. सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत गन थांबवायची नाही. बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटलेली दिसली की त्याच आठवड्यात बदलायची, फिटनेसची वाट न पाहता. आणि बॉक्सच्या स्क्रूवर पिवळ्या रंगाची खूण केली आहे, ती हललेली दिसली तर गाडी आधी आमच्याकडे आणायची.